परिचालन प्रणालीची खरेदी व प्रतीक्षा

संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्याकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून स्मृतीची वाटणी, धारिकांची मांडणी, कळफलक, पडदा, प्रिंटर इ. उपकरणांचे नियंत्रण आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा क्रम ही सर्व व्यवस्था पाहणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसमूहास परिचालन प्रणाली म्हणतात. व्यवहारात तिला ऑपरेटिंग सिस्टिम असेच म्हटले जाते. ही प्रणाली विकत घ्यावयाची वस्तू झाल्यापासून बाजारात असलेली आवृत्ती आजच घ्यावी की येऊ घातलेल्या आवृत्तीसाठी थांबावे, हा प्रश्न व्यक्ती, दुकाने, शाळा, कारखाने आणि शासकीय कार्यालये यांच्यापुढे वारंवार उभा राहिलेला आहे.

या प्रश्नाचे स्वरूप इतर व्यवहारांहून काहीसे भिन्न आहे. खानदेशातील शेतकरी कापूस घरात साठवून भावाची वाट पाहतो, तेव्हा भाव चढण्याची व उतरण्याची अशा दोन्ही शक्यता असतात आणि हंगाम सरला की प्रतीक्षाही संपते. परिचालन प्रणालीची पुढची आवृत्ती बहुधा अधिक सोयींची असतेच आणि ती हाती येईपर्यंत तिच्याही पुढच्या आवृत्तीची चर्चा सुरू झालेली असते. केवळ अधिक चांगल्या वस्तूसाठी थांबणाऱ्याची प्रतीक्षा त्यामुळे कधीच संपत नाही. म्हणून निर्णयाची कसोटी आवृत्तीच्या नवेपणात शोधून चालत नाही. हातातील काम कोणत्या सोयीवाचून अडले आहे, वापरातील आवृत्तीचा सेवाकाल किती उरला आहे आणि पुढे प्रणाली बदलली, तरी आज तयार होणारा मजकूर वाचता येईल काय, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. मराठीच्या संगणकीय व्यवहारात यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक ठरली आहे.

प्रश्नाचा उगम : प्रारंभीच्या मोठ्या संगणकांची परिचालन प्रणाली यंत्राबरोबरच मिळत असे व तिची वेगळी किंमत आकारली जात नसे. तरीही प्रतीक्षेचा प्रश्न तेव्हापासूनच आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. परंतु तिच्यासाठी योजिलेली ओएस/३६० ही प्रणाली ठरल्या वेळेत पूर्ण होऊ शकली नाही. ग्राहकांना दरम्यानच्या काळात लहान व मर्यादित प्रणालींवर काम भागवावे लागले. या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी द मिथिकल मॅन-मंथ (१९७५) या ग्रंथात मोठ्या सॉफ्टवेअर-प्रकल्पांना विलंब का होतो, याची मीमांसा केली. १९६९ साली आयबीएमने काही सॉफ्टवेअर व सेवा यांची आकारणी यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रीची वस्तू होण्यास चालना मिळाली.

वैयक्तिक संगणक आल्यावर हा प्रश्न सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. ऑगस्ट १९८१ मध्ये विक्रीस आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तयार केलेली पीसी-डॉस ही प्रणाली ४० डॉलरना मिळत होती. त्यापूर्वीच्या लहान संगणकांवर सुप्रतिष्ठित असलेल्या सीपी/एम या प्रणालीची नवी आवृत्ती या यंत्रासाठी १९८२ मध्ये आली व तिची किंमत २४० डॉलर होती. बहुसंख्य ग्राहकांनी जी स्वस्त होती व हाती होती ती घेतली. आज्ञावल्या लिहिणारेही तिच्याकडे वळले आणि परिचित नावासाठी थांबलेल्यांना अखेरीस डॉसकडेच यावे लागले. परिचालन प्रणालीचे मूल्य तिच्या अंगच्या गुणांइतकेच तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावल्यांच्या संख्येवर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट झाले.

घोषणा व प्रत्यक्ष वस्तू यांतील अंतराचे ठळक उदाहरण म्हणजे विंडोज ही प्रणाली होय. तिची घोषणा नोव्हेंबर १९८३ मध्ये झाली, पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये विक्रीस आली आणि व्यापक स्वीकार झालेली तिसरी आवृत्ती मे १९९० मध्ये निघाली. घोषणा ऐकून थांबलेल्या ग्राहकास कामास येईल अशी वस्तू मिळण्यास सुमारे साडेसहा वर्षे लागली. ग्राहकांच्या प्रतीक्षेचा फटका उत्पादकासही बसू शकतो. ऑस्बर्न या अमेरिकन कंपनीने १९८३ साली आपल्या पुढील संगणकांची वाच्यता अगोदरच केली आणि चालू यंत्राची मागणी रोडावली. त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. त्यास इतर कारणेही होती. तथापि अकाली घोषणेमुळे ओढवणाऱ्या अशा हानीस त्या कंपनीचेच नाव मिळाले.

भारतातील परिस्थिती : १९७८ साली आयबीएमने भारतातील आपला व्यवहार बंद केला. त्यानंतरची काही वर्षे संगणकाची आयात दुर्मिळ व महाग होती, त्यामुळे प्रतीक्षा हा निवडीचा नव्हे, तर परिस्थितीचा भाग होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात व निर्मिती यांवरील निर्बंध शिथिल झाले आणि डॉसवर चालणारे वैयक्तिक संगणक कार्यालयांत व शहरांतील दुकानांत दिसू लागले. सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकांवर परवान्याविना प्रत बसवून देण्याची प्रथाही याच काळात रूढ झाली. अशा प्रतीसाठी दाम मोजावे लागत नाही, म्हणून तिच्याबाबत खरेदीचा निर्णय घेतलाच जात नाही. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणे, छेडछाड केलेल्या प्रतीतून उपद्रवी आज्ञावल्या शिरणे आणि कायदेशीर जबाबदारी या रूपाने तिची किंमत पुढे द्यावी लागते.

देवनागरीचा प्रश्न : परदेशांत आवृत्त्यांमधील निवड ही प्रामुख्याने वेग, सोय व किंमत यांची निवड होती. मराठी वापरकर्त्यापुढे मात्र ही प्रणाली आपली लिपी जाणते काय, हा त्याही अगोदरचा प्रश्न होता. डॉसला देवनागरी अवगत नव्हती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या व पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) पुढे नेलेल्या जिस्ट तंत्रविद्येने ही उणीव भरून काढली. जिस्ट कार्ड नावाचा एक इलेक्ट्रॉनीय भाग संगणकात बसविला की, डॉसवरील अनेक नेहमीच्या आज्ञावल्यांत देवनागरी अक्षरे टंकित करता येत. या व्यवस्थेत मजकूर इस्की या भारतीय संकेतावलीत साठविला जाई. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ही संकेतावली आयएस १३१९४ या क्रमांकाखाली प्रमाण म्हणून स्वीकारली. तीत प्रत्येक वर्णास ठराविक संकेत असल्यामुळे नावांची अकारविल्हे मांडणी, शोध व गणना शक्य होती.

१९९० नंतर विंडोजचा प्रसार झाला. तिच्या ९५ व ९८ या आवृत्त्यांत देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. छपाईची निकड मात्र थांबणारी नव्हती. निमंत्रणपत्रिका, नियतकालिके, पाठ्यपुस्तके आणि शासकीय परिपत्रके रोज निघत होती. ही निकड श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरसंचांनी व त्यांच्या फाँटांनी भागविली. या फाँटांत रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे, मात्रा व जोडाक्षरे बसविलेली असत. पडद्यावर व कागदावर मराठी दिसे. संगणकाच्या दृष्टीने मात्र तो मजकूर रोमन अक्षरांची अर्थहीन ओळ असे. शिवाय तुकड्यांची मांडणी प्रत्येक संचात वेगळी होती. एका दुकानात टंकित केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात तोच फाँट नसल्यास वाचता येत नसे. नावांची यादी मराठी वर्णक्रमाने लावणे किंवा मोठ्या मजकुरात एखादा शब्द शोधणेही त्यामुळे दुष्कर होई.

यावरचा स्थायी उपाय यूनिकोड या जागतिक संकेतावलीने पुरविला. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची व मराठीची अंगभूत सोय प्रथम झाली, तर ऑक्टोबर २००१ मधील विंडोज एक्सपीने ती घरोघरी पोहोचविली. एक्सपीमध्येही ही सोय आपोआप चालू नसे. मूळ चकती घालून ती वेगळी बसवून घ्यावी लागे. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांच्या संगणकात मराठीची क्षमता वर्षानुवर्षे निद्रिस्त राहिली व ते जुन्या फाँटांवरच काम करीत राहिले.

मराठीच्या काही खास गरजा त्यानंतरही टप्प्याटप्प्याने पूर्ण झाल्या. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील भेद मराठीत अर्थाचा भेद आहे; त्यासाठी लागणारा ‘ऱ’ संकेतावलीत होता, परंतु तो कळफलकावर कसा उमटवावा व फाँटात योग्य दिसावा, यास वेळ लागला. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र संकेत यूनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत (२००८) मिळाला. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला व लिपी यांविषयी काढलेल्या शासननिर्णयात ‘ॲ’ व ‘ऑ’ या स्वरांना वर्णमालेत स्थान दिले. त्याआधी ‘अ’ वर चंद्र देऊन हे अक्षर लिहिले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात. परंतु संकेत भिन्न असल्यामुळे एका रूपाने शोध घेतला असता दुसऱ्या रूपातील शब्द सापडत नाहीत.

या इतिहासातून खरेदीविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जिस्ट कार्ड घेणाऱ्यांनी लवकर खरेदी केली होती व डॉस मागे पडताच ते कार्ड निरुपयोगी झाले. तरी त्यांचा इस्कीतील मजकूर यूनिकोडमध्ये जवळजवळ अक्षरशः उतरविता आला, कारण तो प्रमाण संकेतावलीत होता. त्यांच्यानंतर, अधिक नव्या व अधिक देखण्या प्रणालीवर, प्रमाणबाह्य फाँटांत काम करणाऱ्यांचा मजकूर मात्र अडकून पडला. त्याचे रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या पुढे तयार झाल्या. परंतु प्रत्येक फाँटासाठी वेगळी जुळणी करावी लागते, जोडाक्षरे व रफार यांत चुका राहतात आणि सर्व मजकूर पुन्हा तपासावा लागतो. मूळ फाँटच उपलब्ध नसेल, तर केवळ छापील प्रत उरते. लवकर घेणे वा उशिरा घेणे यापेक्षा मजकूर कोणत्या रूपात साठविला जातो, यावर अंतिम लाभहानी ठरली. यंत्र व प्रणाली पुन्हा विकत घेता येतात. गावाच्या नोंदी, संस्थेचे इतिवृत्त किंवा एखाद्या लेखकाची हस्तलिखिते पुन्हा टंकित करण्यास माणसाचे आयुष्य खर्ची पडते.

घाईचे मूल्य : नवी आवृत्ती प्रसिद्ध होताच घेतल्यास जुने प्रिंटर, क्रमवीक्षक (स्कॅनर) इ. उपकरणे तिच्याशी जुळत नाहीत, असा अनुभव वारंवार येतो. कारण उपकरणांचे चालक (ड्रायव्हर) त्या त्या उत्पादकाला नव्याने लिहावे लागतात. जानेवारी २००७ मध्ये सामान्य विक्रीस आलेली विंडोज व्हिस्टा ही या बाबतीत प्रसिद्ध आहे. तत्कालीन अनेक संगणकांची शक्ती तिला अपुरी पडली आणि पुष्कळ ग्राहकांनी एक्सपीच चालू ठेवली. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ने या अडचणी बहुतांशी दूर केल्या. व्हिस्टाच्या काळात थांबलेल्यांची प्रतीक्षा सुमारे पावणेतीन वर्षांची होती व ती फलदायी ठरली. परंतु ती फलदायी ठरण्याचे कारण म्हणजे त्यांच्या हाती असलेल्या एक्सपीचा सेवाकाल तेव्हा पुष्कळ उरला होता. काही वेळा विक्रेतेच ही अडचण सोडवितात. विंडोज ७ येण्यापूर्वी, जून २००९ च्या अखेरीपासून, व्हिस्टाच्या ठराविक प्रकारांसह संगणक घेणाऱ्यांना नवी आवृत्ती नंतर विनामूल्य किंवा अल्प खर्चात देण्याची योजना होती. अशी हमी मिळत असल्यास थांबण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते.

प्रतीक्षेचे मूल्य : परिचालन प्रणालीतील दोष तिच्या विक्रीनंतरही उघड होत राहतात व उत्पादक त्यांच्या दुरुस्त्या पाठवीत असतो. ही सेवा ज्या दिवसापर्यंत चालते, तोपर्यंतचा काळ म्हणजे त्या आवृत्तीचा सेवाकाल होय. विंडोज एक्सपीचा सेवाकाल ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी संगणक बंद पडत नाही, म्हणून धोका जाणवत नाही. परंतु त्यानंतर सापडणारा प्रत्येक दोष उघडाच राहतो.

दुरुस्ती लांबणीवर टाकण्याचे परिणाम २०१७ साली दिसून आले. विंडोजमधील एका दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध करून दिली होती. १२ मे २०१७ रोजी त्याच दोषातून शिरणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने अनेक देशांतील संगणकांवरील धारिका कुलूपबंद केल्या. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. दुरुस्ती उपलब्ध होऊन दोन महिने लोटले, तरी ती न बसविलेल्या विंडोज ७ च्या संगणकांची संख्या बाधितांत मोठी होती. जून २०१७ च्या अखेरीस पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या आज्ञावलीने हाच दोष व इतर मार्ग वापरले. तिची झळ मार्स्क या डॅनिश जहाज कंपनीस बसली व तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका धक्क्यावरील काम ठप्प झाले. प्रणाली न बदलणे हाही एक निर्णय असतो व त्याची किंमत कालांतराने वाढत जाते, हे या घटनांनी दाखवून दिले.

सेवाकालाचा विचार केल्यास किंमतीचा हिशेबही बदलतो. प्रणालीची किंमत तिच्या उरलेल्या सेवावर्षांनी भागून येणारा वार्षिक खर्च हे तुलनेचे योग्य माप होय. विंडोज ७ प्रसिद्ध होताच घेणाऱ्यास सुमारे दहा वर्षांची सेवा मिळाली; तीच २०१३ च्या प्रारंभी घेणाऱ्यास सात वर्षांची. विंडोज १० सह संगणक २०२३ च्या अखेरीस घेणाऱ्यास केवळ दोन वर्षांची सेवा मिळाली. अर्थात तो संगणक विंडोज ११ ला पात्र असल्यास पुढची आवृत्ती विनामूल्य बसविता येते व तोटा भरून निघतो. म्हणून मावळतीस आलेली आवृत्ती घेताना तिच्या सवलतीच्या दरापेक्षा ती पुढच्या आवृत्तीस वाट करून देते काय, हे पाहणे आवश्यक आहे.

लहान गावातील निर्णय : हे सर्व घटक मोठ्या शहराबाहेर कसे एकत्र येतात, हे पाहण्यास जळगाव जिल्ह्यातील वरणगावासारखे गाव सोयीचे आहे. भुसावळ तालुक्यात, भुसावळच्या पूर्वेस वसलेल्या या गावी १९६४ साली आयुध निर्माणी स्थापन झाली. कारखान्याची वसाहत, शेतीचा परिसर व बाजारपेठ यांमुळे अशा गावात संगणकाचे नानाविध उपयोग शेजारीशेजारी आढळतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते.

पहिला प्रकार लग्नपत्रिका, फलक व अर्ज तयार करून देणाऱ्या दुकानाचा. अशा दुकानांचे काम बहुधा पेजमेकर व कोरलड्रॉ यांवर आणि जुन्या फाँटांत चाललेले असते. पेजमेकरची अखेरची, सातवी आवृत्ती २००१ सालची असून तिला यूनिकोड अवगत नाही. त्याच उत्पादकाच्या इनडिझाइन या आज्ञावलीत भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या आवृत्तीपासून झाली. प्रणाली बदलली की, जुनी आज्ञावली, फाँटाचे कुलूप व प्रिंटर यांपैकी काहीतरी बंद पडेल या भीतीने दुकानदार थांबतो आणि लग्नसराईच्या दिवसांत ती भीती अवास्तव नसते. अशा ठिकाणी जुना संगणक जालापासून तोडून केवळ जुन्या कामासाठी राखावा व नवे काम नव्या प्रणालीवर यूनिकोडमध्ये सुरू करावे, हा मध्यममार्ग उपयुक्त ठरतो. यूनिकोडमध्ये देखणे फाँट नाहीत, हा पूर्वीचा आक्षेप आता उरलेला नाही. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा व यशोवेणू, तसेच मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त व बलू हे फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत.

दुसरा प्रकार विद्यार्थ्याचा. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता राज्यातील लहानमोठ्या गावांपर्यंत नेली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने एक वर्ष थांबणे म्हणजे शिक्षणाचे एक वर्ष गमावणे होय. आवृत्ती बदलली, तरी धारिका, कळफलक व भाषा यांविषयीचे ज्ञान वाया जात नाही. त्यामुळे येथे प्रतीक्षेस फारसे समर्थन नसते.

तिसरा प्रकार शेती व शासकीय व्यवहारांशी निगडित कामांचा. अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा १ मे २०१८ पासून जालावर मिळू लागला. उतारे, पीकविम्याचे अर्ज व बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, त्यावर केवळ दुकानदाराचीच नव्हे, तर गावातील इतरांचीही गोपनीय माहिती असते. सेवाकाल संपलेल्या प्रणालीवर असे काम चालू ठेवणे म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने जोखीम पत्करणे ठरते. तेथे थांबण्यास वाव नाही.

चौथा प्रकार कारखान्यांचा. संगणकनियंत्रित यंत्र वीस-पंचवीस वर्षे काम देऊ शकते. त्याला जोडलेल्या प्रणालीचा सेवाकाल मात्र दहा वर्षांच्या आसपास असतो. ती बदलल्यास यंत्राचे नियंत्रणच बिघडण्याचा संभव असतो. अशा संगणकांना बाहेरच्या जालापासून व अपरिचित पेनड्राइव्हपासून अलग ठेवून जुनीच प्रणाली चालू ठेवणे, हे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

विंडोज १० चा सेवाकाल संपताना या सर्वांपुढे एकच अडचण निराळ्या रूपांत आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-योजना व ठराविक पिढ्यांचे प्रक्रियक आवश्यक केले असल्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक चालू स्थितीत असूनही अपात्र ठरले. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. संस्थांना अशी वाढ कमाल तीन वर्षांपर्यंत, दरवर्षी दुप्पट होणाऱ्या दराने देऊ करण्यात आली. ही दुपटीची श्रेणी म्हणजे प्रतीक्षेचे मूल्य उघडपणे आकारण्याची रीतच होय.

मुक्त प्रणाली : खरेदी व प्रतीक्षा यांपलीकडचा तिसरा मार्ग म्हणजे मुक्त परवान्याखालील प्रणाली होत. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सवर आधारित अशा अनेक प्रणाली विनामूल्य मिळतात. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेली बॉस ही प्रणाली २००७ साली आली. उबंटूची दीर्घ सेवेची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे सेवा मिळते. केरळमधील शासकीय शाळांनी मुक्त प्रणालींचा व्यापक अवलंब केला आहे. भारताच्या संरक्षण मंत्रालयाने उबंटूवर आधारित ‘माया’ ही प्रणाली स्वीकारण्याचे ठरविल्याचे वृत्त ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट, जर्मनीतील म्यूनिक शहराच्या प्रशासनाने २००३ साली लिनक्सचा मार्ग धरून २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. विनामूल्य प्रणालीसही शिकण्याचा वेळ, उपकरणांची जुळणी व सवयीच्या आज्ञावल्यांना पर्याय शोधणे या रूपाने किंमत मोजावी लागते. ज्या जुन्या संगणकावर लेखन, वाचन व जालावरील कामे एवढाच उपयोग आहे, तेथे ही किंमत अल्प असते. जेथे कोरलड्रॉसारख्या विशिष्ट आज्ञावलीवर उपजीविका अवलंबून आहे, तेथे ती जास्त असते. प्रणाली कायम न बसविता पेनड्राइव्हवरून चालवून पाहण्याची सोय असल्यामुळे निर्णयापूर्वी प्रत्यक्ष परीक्षा घेता येते.

निर्णयाची रीत : वरील विवेचनावरून निर्णयाचा क्रम असा सांगता येतो. प्रथम वापरातील प्रणालीचा सेवाकाल तपासावा. तो संपला असून संगणक जालाशी जोडलेला असेल, तर थांबू नये. सेवाकाल शिल्लक असेल व काम अडत नसेल, तर नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावरही काही महिने थांबावे. त्या अवधीत तिचे दोष उघड होतात व उपकरणांचे चालक तयार होतात. घोषित परंतु अप्रसिद्ध आवृत्तीची प्रतीक्षा तिच्यातील एखाद्या नेमक्या सोयीवाचून काम अडले असेल तरच करावी, आणि तीही आपण ठरविलेल्या मुदतीपर्यंत, कारण उत्पादकाच्या तारखा पुढे सरकत असतात. परवाना एका यंत्रापुरता आहे की दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, याची विचारणा करावी. प्रणाली बदलण्यापूर्वी सर्व धारिकांची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी व ती उघडते, याची खात्री करून घ्यावी.

या साऱ्याच्या अगोदर करावयाची गोष्ट मात्र कोणत्याही आवृत्तीवर अवलंबून नाही. मराठी मजकूर यूनिकोडमध्ये साठविणे आणि जुन्या फाँटांतील मजकुराचे रूपांतर तो फाँट व तो संगणक चालू आहे तोवरच करून घेणे, ही ती गोष्ट होय. मजकूर प्रमाण संकेतावलीत असेल, तर प्रणालीची निवड चुकली, तरी तोटा पैशांपुरता राहतो व तो भरून काढता येतो. तो तसा नसेल, तर योग्य वेळी घेतलेली उत्तम प्रणालीही त्यास वाचवू शकत नाही.